चामखीळ म्हणून सांगितलेलं बोट

माझ्या उजव्या हाताच्या करंगळीच्या बाहेरच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढा एक टणक उंचवटा आहे. पन्नासेक वर्षं मी त्याला चामखीळ म्हणत आले. शाळेत मैत्रिणींना तेच सांगितलं, लग्नानंतर नवऱ्याला तेच सांगितलं, अंगणवाडीच्या ट्रेनिंगमध्ये शेजारी बसलेल्या बाईने विचारलं तर तिलाही तेच. ती चामखीळ नाही. तिथे माझं सहावं बोट होतं.

मी आंधळगावची, कोष्ट्याच्या घरची. आमच्याकडे कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचे माग होते. मी जन्मले तेव्हा करंगळीला चिकटून एक इवलंसं बोट लोंबत होतं. आत हाड नाही, नुसतं कातडं आणि टोकाला नखाची खूण. माझी आत्या तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. तिने कोशाचा धागा घेतला आणि मागावर तुटलेला धागा जोडताना आमच्याकडे मारतात ती गाठ त्या बोटाच्या मुळाशी मारली. ही गाठ ओढली की आवळत जाते, मागे सरकत नाही. आठ दिवसांत बोट सुकून गळून पडलं. हे सगळं मला मायने सांगितलं, मी बारा वर्षांची झाल्यावर. सांगितलं आणि लगेच तोंडावर कुलूप लावलं. "कोणाले बोलू नोको. पोरीची जात हाये, उद्या लगन जुळाचं हाये."

लग्न जुळलं, कोंढ्याला सासरी आले, मुलगा झाला. नितीन जन्मला तेव्हा सुईणीच्या हातातून ओढून घेऊन मी आधी त्याची बोटं मोजली. पाच आणि पाच. सुटले बाई, म्हटलं. त्या दिवसानंतर मी ती गोष्ट मनातूनही काढून टाकली.

हे मी आता लिहून राहिले कारण कोणाच्या तरी घरी असंच बाळ आलेलं असेल. त्या घरात एखादी माझ्यासारखी म्हातारी असेल, जिला सगळं माहीत आहे आणि जी गप्प बसली आहे. तिच्यासाठी लिहिते. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

*

माझी सून प्रणाली तुमसरची. तिची माय ती शाळेत असतानाच गेली. वडील श्रावणजी, माझे इवाई, राइस मिलमध्ये धान वाळवायच्या ओट्यावर राबले आणि एकट्याने पोरीला वाढवलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माहेरी बाईमाणूस नाही, म्हणून मीच म्हटलं, माझ्याकडेच होऊ दे. मोठेपणा मिरवायची हौस मला फार. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली होती, गावातल्या निम्म्या बाळांचं वजन माझ्या हातून झालं होतं. माझ्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. गोरी, डोक्यावर भरपूर जावळ. सिस्टरने कापडात गुंडाळून आणली आणि हळूच म्हणाली, "आजी, हात पाहून घ्या."

उजव्या हाताला माझ्यासारखंच लोंबतं बोट. डाव्या हाताला मात्र पूर्ण बोट होतं, पेर असलेलं, नख असलेलं, करंगळीच्या अंगातून फुटलेलं. मी बाकावर बसले.

संध्याकाळी लहान मुलांच्या डॉक्टर मॅडम आल्या. पलंगावर प्रणाली, पायथ्याशी नितीन, मी उशाशी, आणि श्रावणजी दाराजवळ उभे. वॉर्डातल्या बाकीच्या बायकाही कान टवकारून होत्या. मॅडमनी दोन्ही हात पाहिले, पाय पाहिले, आणि विचारलं, "घरात कोणाला असं जास्तीचं बोट होतं का? आईकडे किंवा वडिलांकडे?"

मला फक्त हात पुढे करायचा होता.

मी म्हटलं, "आमच्याकडे कोणाले नाही, मॅडम." एवढ्यावर थांबले असते तरी पाप कमी झालं असतं. पण मी पुढे बोलले. "हिच्या माय-बापाचं मात्र नात्यातलं लगन हाये. मामेभाऊ-आतेबहीण."

ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं ना आम्हाला, नात्यातल्या लग्नातून बाळाला दोष येऊ शकतो. ते ज्ञान मी असं वापरलं. मॅडम म्हणाल्या, "अहो, नात्यातलं लग्न बाळाच्या आई-वडिलांचं असेल तर बघायचं, आजी-आजोबांचं नाही." पण ते ऐकायला कोणी थांबलं नाही. शेजारच्या पलंगावरची बाई दुसरीला म्हणाली, "नात्यातलं होय ना, मंग!" प्रणालीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मॅडमनी नंतर नीट समजावलं. घाबरायचं कारण नाही, डाव्या हाताच्या बोटात हाड आहे, वर्षाची झाली की छोटं ऑपरेशन करू, तेव्हाच उजव्याचंही काढू. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजी, गावाकडे धागा बांधतात. तसलं काही करायचं नाही." मी मान हलवली. वर म्हटलं, "मी अंगणवाडीवाली हाये मॅडम, मीच लोकांले सांगत असतो." आमच्याकडे बायाही बोलताना असंच म्हणतात. मॅडम हसल्या.

*

सुट्टी झाली त्या दिवशी श्रावणजींनी मला बाजूला बोलावलं. त्या माणसाने आयुष्यात कोणापुढे मान खाली घातली नसेल. धानाची पोती उचलून उचलून खांदा एका बाजूला झुकलेला. हात जोडून म्हणाले, "इहीनबाई, आमच्याच रक्तातून आलं. आमी दोघानं तवा कोणाचं आयकलं नाही. माह्या लेकीले बोल लावू नका. जे बोलाचं ते मले बोला."

आणि मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "जाऊ द्या इवाई. आता काय करता. होते असं."

माफ केलं मी त्यांना! माझ्याच बोटासाठी! हे आठवलं की आजही अंगाची लाही होते, स्वतःच्याच कानफटात मारावीशी वाटते.

*

घरी आल्यावर बायका बाळ पाहायला येऊ लागल्या. मी बाळाच्या हातांना लोकरीचे मोजे घातले. थंडी आहे म्हटलं. थंडी नव्हती. बातमी आधीच गावात पोचली होती आणि प्रत्येक बाई प्रणालीच्या मेलेल्या मायचं नाव काढून जात होती. मी चहा करत ऐकत होते. प्रणाली दिवसेंदिवस गप्प होत गेली. एकदा म्हणाली, "आई, मले दुसरं लेकरू नोको. त्यालेही असंच झालं तं?" मी म्हटलं, "उगाच काहीतरी बोलून राहिली." तिला धीर द्यायचं एकच वाक्य माझ्याकडे होतं आणि ते मी दिलं नाही.

सव्वा महिन्याने बारसं ठरलं. आंधळगावहून आत्याचा फोन आला. आता ती ऐंशीच्या घरात आहे, कान गेले आहेत, पण डोळे आणि तोंड शाबूत. "मी येऊन राहिली वं मंदे! पोट्टीले पाहाचं हाये मले!" फोनवर ओरडली.

आत्याला मी चांगली ओळखते. ती पाळण्यापाशी जाईल, मोजे काढेल, आणि भर मांडवात ओरडेल, "अवं मंदे, हे तं तुह्यावानीच!"

मी बोट का बांधलं, याचं उत्तर मी नंतर वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं दिलं. पोरीचं भलं व्हावं म्हणून. ऑपरेशनचं भेव वाटलं म्हणून. खरं एवढंच आहे की आत्याच्या तोंडाला भिऊन बांधलं. बारशाआधी बोट गेलं की आत्याला काही दिसणार नाही, असा माझा हिशोब होता.

प्रणाली नहाणीघरात होती. बाळाला तेल लावून झालं होतं. माझ्या लग्नातल्या कोशाच्या साडीच्या दशीतून मी दोन धागे ओढून काढले. उजव्या हाताला गाठ मारली तेव्हा पोर थोडी कुरकुरली. डाव्या हाताला मारली तेव्हा किंचाळली. मी छातीशी धरून "अरे अरे माही बाई" करत शांत केली, मोजे चढवले. हात शिकलेले होते, गाठ झकास बसली. हाड आहे हे मला ठाऊक होतं, मॅडमनी बजावलं होतं. तरी मनाला म्हटलं, थोडा वेळ लागेल, पण पडून जाईल.

*

तिसऱ्या दिवशी पोर दूध ओढेना. अंग तापलं. मी म्हटलं, बाहेरचं वारं लागलं असेल. प्रणालीने माझं न ऐकता मोजे काढले.

उजवं बोट काळं पडून सुकलेलं होतं. डावा हात मनगटापर्यंत सुजला होता. ते बोट निळंजांभळं, आणि त्याच्या मुळाशी धागा मांसात इतका रुतला होता की दिसतच नव्हता. प्रणाली किंचाळली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय हाये, आई?"

मी कात्री घेतली. धाग्याखाली कात्रीचं टोक जाईना. नखाने उकलायला गेले तर पोर निळी पडेपर्यंत रडली. लहानपणापासून त्या गाठी मारत आले, पण लेकराच्या हातावरची एक गाठ मला सोडता आली नाही.

नितीनने शेजारच्यांची गाडी आणली. कोंढ्यापासून भंडाऱ्यापर्यंत प्रणालीने बाळ माझ्या मांडीवर दिलं नाही. मी मागितलंही नाही.

दवाखान्यात त्याच मॅडम. त्यांनी हात पाहिला आणि विचारलं, "कोणी बांधलं?"

"मी," म्हटलं. एवढं तरी म्हटलं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाळाला आत नेऊन धागा कापून काढला, सलाईन लावलं. एवढ्याशा हाताला शीर सापडेना, म्हणून शेवटी डोक्यावर सुई टोचली आणि तेवढं जावळ कापलं. प्रणाली ते केस ओढणीच्या टोकात बांधत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या राऊंडला मॅडम म्हणाल्या, "ताप उतरतोय. बोटं आता दोन्ही काढावीच लागतील. पण भूल देण्याआधी मला खात्री हवी. घरात कोणालाच असं नाही, दोन्ही हातांना आहे, त्यात दूध पिताना धाप लागते आहे. कधी कधी अशा बोटांबरोबर हृदयाचं काही असतं. ती तपासणी नागपूरला होते. बाळाला घेऊन जावं लागेल."

प्रणालीने ओढणी तोंडात कोंबली. "हृदयात? मॅडम, माह्या पोरीच्या हृदयात काय हाये? माह्या मायमुळं होय का हे?" ती मॅडमच्या पायाशीच बसली. नितीन तिला उठवत होता आणि ती उठत नव्हती.

मी हात पुढे केला.

"मॅडम," म्हटलं, "हे चामखीळ नाही."

मॅडमनी माझी करंगळी धरली, उंचवट्यावरून अंगठा फिरवला. मग मी सगळं सांगितलं. आत्या, धागा, माय, नितीनची बोटं मोजणं, बारसं, सगळं. सांगताना मी खाली बघत होते. नितीन म्हणाला, "मले तरी हात दाखवला असता, आई." मग तो बाहेर निघून गेला.

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "हे एकाच बाजूने येऊ शकतं, आजी. मधल्या पिढीत दिसत नाही आणि पुढच्या पिढीत दिसतं, असंही होतं. तुमच्याकडून मुलाकडे गेलं असेल, त्याला दिसलं नाही इतकंच. यात कोणी काही केलेलं नसतं. प्रणाली, तुझ्या आई-वडिलांच्या लग्नाचा याच्याशी काही संबंध नाही. पहिल्या दिवशी हे कळलं असतं तर मी तुला इतकं घाबरवलं नसतं." त्यांनी पुन्हा बाळाची छाती तपासली, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून तपासायला लावली. धाप तापामुळेच होती. नागपूर टळलं.

*

नऊ दिवस त्या वॉर्डात होतो, बारसं राहूनच गेलं. सकाळी सहाला झाडूवाली, मग चहावाला, मग ड्रेसिंगची ट्रॉली. ट्रॉलीची चाकं वाजली की पोर रडायला लागायची, इतकी ओळखीची झाली होती. ड्रेसिंगला आईने धरायचं असा नियम. प्रणाली एकटीच धरायची, तिने मला बोलावलं नाही. मी दाराबाहेर उभी राहायचे.

पलीकडच्या पलंगावर मोहाडीकडची एक बाई होती, नातवाला निमोनिया झालेला. मी जेवत नाही हे तिने पाहिलं. एका दुपारी डब्यातला भात आणि वालाची भाजी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "जेव वं बाई. उपाशी राहून काय पोट्टीचा हात बरा होईन?" तिला माझी सगळी कहाणी माहीत होती, सगळ्या वॉर्डाला होती. तरी तिने वाढलं. मी जेवले आणि जेवताना रडले.

ऑपरेशन झालं. बोटं गेली. पण डाव्या हातात विष पसरलं होतं त्यात खऱ्या करंगळीची नसही दुखावली. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, करंगळी पूर्ण सरळ होईल असं वाटत नाही. जन्मतः जे होतं त्याने पोरीला काडीचा त्रास झाला नसता. त्रास आहे तो मी दिलेला.

सातव्या दिवशी प्रणाली बोलली. बाळ झोपलेलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, धागा बांधला, त्याचा राग हाये मले, पण तो जाईन कधीतरी. तुमी माह्या मायले काहून मधात आणलं? ती तं सांगालेही येऊ शकत नव्हती, का माह्याकडून नाही आलं म्हणून."

मी म्हटलं, "चुकलं माहं." दुसरं काय म्हणणार? ती म्हणाली, "मले नोका सांगू. माह्या बाबाले सांगा."

*

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी तुमसरला निघाले. नितीन म्हणाला, फोन कर ना. म्हटलं, नाही. भंडाऱ्याला बस बदलली. वाटेत दोनदा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं.

श्रावणजी छपरीत बसून तांदूळ निवडत होते. मला पाहून लगबगीने उठले, खुर्ची पुसली. "पोट्टी कशी हाये?" म्हणाले. प्रणालीने त्यांना हाताचं सांगितलं होतं, बाकीचं माझ्यावर सोडलं होतं. मी खुर्चीवर बसले नाही. उभ्यानेच सांगितलं आणि हात दाखवला. म्हटलं, "दवाखान्यात तुमी माह्यापुढं हात जोडले होते. ते जोडाचे मी होते, इवाई." आणि जोडले.

सुपातला तांदूळ तसाच राहिला.

"म्हणजे प्रणालीच्या मायकडून नाही?"

"नाही."

"नात्यातलं लगन, त्याच्यानं नाही?"

"नाही. डॉक्टर मॅडमनं साफ सांगतलं."

मला वाटलं, आता चिडतील. चिडावं असं फार वाटत होतं. ते म्हणाले, "इहीनबाई, तिचा फोटो हाये आतमधी. रोज सकाळी चहा घेऊन मी तिथं बसतो. बोलतो तिच्याशी, पोट्टीचं, मिलचं, जे असन ते. इतकी वर्षं झाली, एक दिवस खंड नाही. पोट्टीचे हात पाहून आलो त्या दिवसापासून बोललो नाही. चहा बाहेरच घेतो. मले वाटे, लगनाची जिद्द तिनंच केली होती."

एवढं बोलून त्यांनी सूप खाली ठेवलं. "बसा तुमी, मी आलो," म्हणाले आणि आत गेले.

मी छपरीत उभीच होते. आतून दार लोटलेलं होतं, पण आवाज येत होता. एवढ्या मोठ्या माणसाचा, अगदी बारीक.

"आयकलं का वं? माहं चुकलं. बोल नं आता."